अंगठ्यावर गेलेले साडेसदतीस हजार

जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या अंगाला एक गाव आहे. तालुका सांगत नाही, बँकेचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तारखा आणि आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ तारखांचाच होता. मी स्वतः एका बँकेत तीस वर्षं काउंटरमागे काढली. निवृत्त झाल्यापासून गावातली माणसं पासबुक घेऊन माझ्या ओट्यावर येतात. त्यामुळे या प्रकरणात मी बघ्या नव्हतो, आणि यातली एक चूक माझी आहे. ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

केवळबाई, वय ५८. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. साडेतीन एकर जमीन, त्यात कापूस. मुलगा भूषण सुरतला डाईंग मिलमध्ये कामाला. आमच्या भागातली निम्मी पोरं उधना-लिंबायतला असतात, त्यातलाच एक. मुलगी जवळच्याच तालुक्यात दिलेली.

२०२४ च्या जानेवारीत खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला चौदा क्विंटल कापूस दिला, ६,७०० च्या भावाने. ९३,८०० रुपये खात्यावर आले. आधीचे आठ हजार चारशे साठ होते. म्हणजे खात्यावर १,०२,२६० रुपये. या खात्याला एटीएम कार्ड नाही, नेट बँकिंग नाही, फोनवरून पैसे पाठवायची सोय नाही. बाईंच्या मते जितकं सुरक्षित असावं तितकं ते सुरक्षित होतं, आणि तसं वाटणं चुकीचंही नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. केवळबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या आहेत. खातं सहीवर चालतं. ‘केवळ’ नीट येतं, ‘बाई’पर्यंत पोचता पोचता ‘ई’वरची खूण शिरोरेषेपासून सुटून वर निघून जाते. त्या खुणेपायी शाखेने त्यांची पैसे काढायची स्लिप दोनदा परत केली होती, सही जुळत नाही म्हणून. काउंटरवर बसणाऱ्याने ते करायलाच हवं, मीही केलं आहे. पण त्याच खात्यातून सही न बघता, माणूस न बघता पैसे काढण्याची दुसरी वाट उघडी होती, आणि ती उघडी आहे हे खातेदाराला कोणी सांगितलं नव्हतं.

ती वाट म्हणजे आधारवर चालणारी पैसे काढण्याची सोय. गावात तिला ‘मिनी बँक’ म्हणतात, कागदोपत्री एईपीएस. छोट्या मशीनवर बँक निवडायची, आधार क्रमांक टाकायचा, बोट ठेवायचं, पैसे हातात. ओटीपी नाही, पिन नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार. खात्याला आधार जोडलेलं असलं की बहुतेक ठिकाणी ही सोय आपोआप चालू असते. म्हाताऱ्या माणसांची यामुळे खरंच सोय झाली, तालुक्याचं भाडं वाचलं. त्यामुळे या सोयीला सरसकट शिव्या देणाऱ्यांतला मी नाही.

काय घडलं

मंगळवार २३ जानेवारी: दहा हजार. बुधवार २४: दहा हजार. गुरुवार २५: दहा हजार, आणि तासाभराने साडेसात हजार. एकूण ३७,५००.

बँकेने चारही वेळा एसएमएस पाठवले होते. ते गेले भूषणच्या फोनवर, कारण वडील गेल्यावर खात्याला त्याचाच नंबर लावला होता. त्याची रात्रपाळी. कर्ज देऊ, रम्मी खेळा, रिचार्ज संपत आला, अशा पन्नास मेसेजांत हे चार इंग्रजी मेसेज पडून राहिले. २६ ला प्रजासत्ताक दिन, २७ चौथा शनिवार, २८ रविवार. रविवारी रात्री कसला तरी ओटीपी शोधताना त्याला ते दिसले. त्याने आईला फोन केला, पैसे काढले का म्हणून. आईने नाही म्हटल्यावर त्याने मला लावला.

मी गेलो तेव्हा केवळबाई पासबुक मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसल्या होत्या. शेवटची नोंद डिसेंबरची. “आप्पा, मना पैसा कोठे गयात?” एवढंच म्हणाल्या.

रविवार रात्र: पहिला निर्णय

भूषणचं म्हणणं, सोमवारी शाखा उघडली की बघू, आत्ता कोण आहे? मी त्याला म्हटलं, नाही, आत्ता दोन फोन कर. एक बँकेच्या टोल फ्री नंबरवर, तोही पासबुकावर छापलेल्या, शोधून काढलेल्या नव्हे. आणि दुसरा १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला.

हे मी फार मोठ्या अकलेने सांगितलं असं नाही. नोकरीत एक सवय लागलेली असते, की काही बिघडलं तर आधी कुठेतरी नोंद करून ठेवायची. बँकेच्या नंबरवर अर्धा तास गाणं वाजलं, मग माणूस आला, त्याने तक्रार घेतली, आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी तक्रार क्रमांकाचा एसएमएस आला. भूषणने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअपवर पाठवला. साडेतीन महिन्यांनी त्या एका फोटोची किंमत दहा हजार रुपये निघाली.

१९३० बद्दल थोडं स्पष्ट सांगतो. खात्यातून खात्यात गेलेले पैसे पुढच्या खात्यात अडवायला तो नंबर कामाचा, म्हणून तिथे तासांचा हिशेब असतो. आमच्या बाबतीत पैसे रोख निघाले होते. तीन दिवसांपूर्वी कोणीतरी खिशात घालून निघून गेलेली रक्कम अडवणार कुठे? तरीही फोन केला, कारण तिथला पोच क्रमांक पुढे पोलिसांत आणि बँकेत दोन्हीकडे लागतो.

त्याच रात्री आधारचे ठसे लॉक करायचा विचार होता. जमलं नाही. लॉक करायला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, आणि केवळबाईंच्या आधारला जोडलेला नंबर होता नवऱ्याचा, कधीच बंद पडलेला. बँकेला मुलाचा नंबर, आधारला गेलेल्या माणसाचा नंबर, आणि स्वतः बाईंच्या हातात तिसराच.

सोमवार: जिथे मी चुकलो

तीन दिवसांच्या सुट्टीनंतरचा सोमवार. शाखेची पायरीसुद्धा दिसत नव्हती. खात्यावर अजून ६४,७६० रुपये होते, आणि ज्याच्याकडे ठसा आहे तो उद्या परत येणार. समोर तीन पर्याय होते. खातं पूर्ण गोठवायचं, म्हणजे बाईंचेही पैसे अडकणार. फक्त आधारवरून पैसे काढणं बंद करायला सांगायचं, पण ते किती वेळात होईल याची काउंटरवर कोणाला खात्री नव्हती. किंवा पैसे तिथून उचलून मशीनच्या हाताबाहेर ठेवायचे.

आम्ही तिसरा पर्याय घेतला. साठ हजारांची मुदत ठेव केली, चार हजार रोख घेतले, बाकी खात्यात. मुदत ठेवीत मशीनचा अंगठा चालत नाही. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

चूक त्यानंतर झाली. ठेवीचा फॉर्म भरण्यात, सही जुळवण्यात (‘ई’वरची खूण पुन्हा वर गेली होती) दोन वाजले. तक्रारीचं बोलल्यावर साहेब म्हणाले, आज गर्दी बघताय ना, उद्या नीट अर्ज लिहून आणा. मी स्वतः असे कितीतरी सोमवार त्या बाजूने काढलेत. मला त्यांची दया आली, आणि मी ‘बरं’ म्हटलं. ठेवीचा फॉर्म भरायला वेळ मिळाला, तर तक्रारीच्या चार ओळी लिहायलाही मिळाला असता. चार ओळी आणि आवक शिक्का, एवढंच काम होतं.

मंगळवारी, ३० जानेवारीला, अर्ज दिला. तारीख, रक्कम, चारही व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक, ‘हे व्यवहार मी केलेले नाहीत’, आणि ‘आधारवरून पैसे काढण्याची सोय माझ्या खात्याला बंद करावी’. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. त्या दिवशी सोय बंद झाली.

तीन दिवसांचा हिशेब

आता तो नियम, ज्याच्यापायी एका दिवसाला इतकं महत्त्व आलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, यावर. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. आमच्या प्रकरणाच्या वेळी हेच नियम लागू होते.

थोडक्यात असं: बँकेचीच चूक असेल तर ग्राहकाने कधीही कळवलं तरी त्याची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच यंत्रणेत कुठेतरी, तर व्यवहाराची खबर मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे दहा हजारांपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. मूलभूत बचत खातं असेल तर पाच हजारांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ग्राहकाने स्वतः पिन, ओटीपी देऊन टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

आणि लोक जी ओळ वाचत नाहीत ती ही: कामाचे दिवस मोजायचे ते ग्राहकाच्या स्वतःच्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि खबर मिळाली तो दिवस सोडून.

मोजून बघा. पहिला व्यवहार २३ चा. २४ एक, २५ दोन, मग २६, २७, २८ सुट्टी, २९ तीन. म्हणजे पहिल्या दहा हजारांसाठी शेवटचा दिवस सोमवार २९. दुसऱ्यासाठी मंगळवार ३०, २५ च्या दोन्हींसाठी बुधवार ३१. आमचा लेखी अर्ज ३० चा. तीन व्यवहार मुदतीत, पहिला एका दिवसाने बाहेर. आणि बाहेर गेलेला व्यवहार नेमका दहा हजारांचा, म्हणजे मर्यादेप्रमाणे तो पुरताच केवळबाईंच्या गळ्यात. माझ्या सोमवारच्या ‘बरं’ची ही किंमत.

गावातला संशय

हे पैशाइतकंच नाजूक. गावात मिनी बँकेचं मशीन चालवणारा पोरगा आहे. डिसेंबरात केवळबाईंनी त्याच्याकडेच अंगठा लावून दोन हजार काढले होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागला होता की हे त्याचंच काम. भावबंदातले दोघे तर त्याच्या दुकानावर जायला निघाले होते.

मी केवळबाईंना विचारलं, वहिनी, वर्षभरात अंगठा कुठे कुठे दिलात? त्या बोटांवर मोजायला लागल्या. नवऱ्यानंतर हक्कसोड करताना निबंधक कार्यालयात. पीएम किसानच्या ई-केवायसीला. नवीन सिमकार्ड घेताना. दर महिन्याला रेशन दुकानात. पीक विम्याच्या वेळी कागद काढायला. मिनी बँकेत. आणि एकदा बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या कोणाकडे तरी, ‘कार्ड काढून देतो’ म्हणत होता. कार्ड काही आलं नाही.

यातलं कोणतं भोक होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही. देशात इतरत्र नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडलेली आहेत. आमच्याकडे काय झालं ते मी सांगू शकत नाही. म्हणून अर्जात आणि पोलिसांत ‘अनोळखी इसम’ एवढंच लिहायचं ठरवलं. भूषण चिडला. पण पुढे टर्मिनलची, म्हणजे पैसे ज्या मशीनवर निघाले त्याची, माहिती आली तेव्हा चारही व्यवहार हजारभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या राज्यातले निघाले. त्या पोराचं नाव लिहिलं असतं तर तक्रार तिथेच अडकली असती, आणि पोरगंही.

पोलिसांचं थोडक्यात: आधी जळगावच्या सायबरला जा म्हणाले, मग १९३० चा क्रमांक बघून अर्ज घेतला, पोच दिली. पुढे तिकडून काही झालं नाही.

पुरावा जमवणं

१ फेब्रुवारीला केवळबाईंच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर लावला, पोस्टात, पन्नास रुपये. तो चालू झाल्यावर १० तारखेला आधारच्या संकेतस्थळावर जाऊन दोन कामं केली. ठसे लॉक, आणि मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे पडताळलं गेलं त्याची यादी.

ती यादी हे या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं कागदपत्र. तारीख, वेळ, कशाने पडताळणी झाली आणि जमली की फसली, सगळं त्यात येतं. २२ जानेवारीला संध्याकाळी सातनंतर एक नोंद होती, बहुधा शिल्लक बघण्याची. मग ते चार व्यवहार. आणि २४ तारखेला त्याच यादीत रेशनचीही नोंद.

त्या दिवशी केवळबाई गावातच रेशनला गेल्या होत्या. दुकानाच्या मशीनची पावती डब्यात सापडली, वेळ १०:१७. खात्यातले दहा हजार निघाले १०:४४ ला. एकच बाई सत्तावीस मिनिटांत सातपुड्याच्या पायथ्यापासून दुसऱ्या राज्यात पोचली.

याहून मजेशीर गोष्ट भूषणच्या लक्षात आली. कापूस वेचून केवळबाईंच्या बोटांच्या रेघा पार झिजल्यात. रेशनच्या मशीनवर त्या अंगठा पदराला घासतात, तोंडाची वाफ देतात, पुन्हा ठेवतात. यादीत तसंच दिसत होतं: रेशनच्या प्रत्येक महिन्यात आधी दोन-तीन फसलेल्या नोंदी, मग एक जमलेली. पैसे काढणाऱ्या चारही नोंदी मात्र पहिल्याच फटक्यात जमलेल्या. खरा अंगठा अडखळतो आणि खोटा एका दमात चालतो. हे वाक्य मी पुढच्या अर्जात जवळपास असंच लिहिलं.

बँकेचा नकार आणि समोरचे रस्ते

२२ फेब्रुवारीला बँकेचं पत्र आलं. व्यवहार ग्राहकाच्या बायोमेट्रिक पडताळणीने यशस्वी झाले असून बँकेच्या सेवेत त्रुटी नाही. म्हणजे अंगठा तुमचा, तुम्हीच काढले.

इथे बहुतेक माणसं घरी बसतात. पत्रावर शिक्का आहे, भाषा जड आहे, वाटतं संपलं. पण त्याच २०१७ च्या परिपत्रकात लिहिलं आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. ‘पडताळणी यशस्वी’ यातून मशीनने ठसा मानला एवढंच सिद्ध होतं. बाई तिथे होत्या हे सिद्ध होत नाही.

पर्याय असे होते. एक, लोकप्रतिनिधीच्या माणसाकडून मॅनेजरवर दाब आणायचा. गावात सगळ्यांनी हाच सुचवला. शाखेचा मॅनेजर स्वतःच्या सहीने असे पैसे देऊ शकत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून तो सोडला. दोन, जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण तारखांना जायचं कोणी? तीन, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मुंबईत राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे दावा. साडेसदतीस हजारांसाठी मुंबईच्या फेऱ्या परवडणाऱ्या नव्हत्या. चार, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून बहुतेक बँकांना मिळून एकच योजना होती, तक्रार ऑनलाइन, फी नाही, वकील नाही. बँकेने नाकारलं किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही की जाता येतं. मात्र तीच तक्रार आधीच कोर्टात किंवा आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी लोकपाल, नाही जमलं तर आयोग.

२७ फेब्रुवारीला तक्रार टाकली. सोबत शिक्क्याची प्रत, बँकेचं पत्र, पासबुकाची पानं, १९३० ची पोच, आधारची यादी, रेशनची पावती. भूषणच्या फोनमधला तो तक्रार क्रमांकाचा फोटो जोडायचा राहिला. मी विसरलो. व्हॉट्सअपमध्ये लग्नपत्रिका आणि सुप्रभातांच्या खाली गेला होता.

मे महिना

मार्च-एप्रिल पत्रव्यवहारात गेले. टर्मिनलची माहिती याच काळात बँकेकडून बाहेर आली. मग ६ मेला बँकेने तडजोडीचं कळवलं: २७,५०० द्यायला तयार. पहिल्या व्यवहाराची तक्रार चौथ्या कामाच्या दिवशी, म्हणून ते दहा हजार ग्राहकाचे.

हिशेब चोख होता. मी वर मांडला तोच. माझी मान खाली गेली.

शुक्रवारी, १० तारखेला, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लेक माहेरी येणार, झोका बांधायचा, सांजोऱ्या करायच्या. भूषण फोनवर म्हणाला, आई, घेऊन टाक, चार महिने झाले. मीही जवळपास तेच म्हणणार होतो. केवळबाईंनी विचारलं, दहा हजार म्हणजे कापूस किती? दीड क्विंटल, मी म्हटलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, दीड क्विंटल वेचायला किती दिवस कमर मोडते ते त्या साहेबाला विचारा. नको म्हणा.

नको म्हणायचं तर कारण हवं. तेव्हा मला रविवारची रात्र आठवली. परिपत्रकात कळवणं लेखीच हवं असं नाही; उलट फोन, एसएमएस, ईमेल अशा वाटा चोवीस तास उघड्या ठेवणं बँकेवरच बंधनकारक केलेलं आहे. २८ जानेवारी, रात्री ९:१२, बँकेचाच क्रमांक असलेला एसएमएस. पहिल्या व्यवहाराची मुदत २९ ला संपत होती. आम्ही तिच्या आत होतो. फक्त बँक शिक्क्याची तारीख धरून बसली होती, आणि शिक्क्याच्या नादात मीही.

७ मेला फोटो आणि भूषणच्या फोनमधली कॉलची नोंद पाठवली. आखाजी उसनवारीवर झाली. १३ ला मतदान, जिल्हा सगळा त्यात. १६ मेला, गुरुवारी, खात्यावर ३७,५०० जमा झाले.

आज पुन्हा असं झालं तर

सोमवारचा अर्ज सोमवारीच, काउंटरच्या कडेला उभं राहून, हाताने चार ओळी. हे पहिलं. शेवटचे दहा हजार परत मिळाले ते माझ्या अर्जामुळे नाही, भूषणच्या फोटोमुळे, हे मी विसरत नाही.

दुसरं, परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती का होईना खात्यावर जमा करायची होती. सोमवार २९ पासून धरलं तर ८ फेब्रुवारीपर्यंत. आम्ही अर्जात ते मागितलंच नाही. मागितलं असतं तर लगेच मिळालं असतं असं नाही, पण न मिळाल्याची वेगळी तक्रार झाली असती. ती रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून धरून द्यायची होती, म्हणजे व्याजही आलं. तीन टक्क्यांनी धरलं तरी साडेतीनशे रुपये. ते मागायचे राहिले. लोकपालाकडे मनस्तापाची भरपाईही मागता येते, तीही मागितली नाही. केवळबाई म्हणाल्या, मनस्तापाचे पैसे कसले घेता, कापसाचे द्या.

तिसरं, फोन नंबर. आता बँकेला आणि आधारला दोन्हीकडे केवळबाईंचाच नंबर आहे, बटणांच्या साध्या फोनवर. इंग्रजी मेसेज वाचता येत नाही, पण टिंग वाजलं की त्या माझ्या ओट्यावर येतात. दहातले नऊ रिचार्जचे असतात.

चौथ्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. ठसे कायमचे लॉक ठेवावेत का? बँकेत आधारची वाट बंद केलेली असताना लॉकची गरज किती? मला वाटतं ठेवावेत, कारण त्यांचं दुसऱ्या बँकेतही एक जुनं खातं आहे. पण याचा त्रास कोणाला होतो ते खाली बघा.

अजून चालू आहे

लॉक केलेला अंगठा रेशनच्या मशीनवरही चालत नाही. मार्चमध्ये केवळबाई दुकानातून रिकाम्या हाताने परत आल्या, तेव्हा हे आमच्या डोक्यात शिरलं. ठसे थोड्या वेळापुरते, दहा मिनिटांसाठी, उघडता येतात, पण त्यासाठी संकेतस्थळावर जावं लागतं आणि ओटीपी येतो बटणांच्या फोनवर.

म्हणून दर महिन्याला असं चालतं. केवळबाई पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहतात. पुढे दोन माणसं उरली की सुरतला मिस कॉल. भूषण मिलच्या दारात येऊन संकेतस्थळ उघडतो. इकडे टिंग वाजतं. चार महिने ज्यांना मी ‘ओटीपी कोणालाही सांगायचा नाही’ हे घोकवलं, त्या बाई भर रांगेत मोठ्याने सहा आकडे वाचतात. मग अंगठा पदराला घासून मशीनवर. एकदा नाही. दोनदा नाही. मागून कोणीतरी ओरडतं, अहो बाई, चला लवकर. तिकडे सुरतहून फोनवर आवाज येत असतो, “आई, सहा मिनिटं राहिली.”